चवळीखाऊची घागर

सोगोबांच्या अंगणात त्या दुपारी नात कानीच्या लग्नाचं कापड उन्हात पसरलेलं होतं आणि त्याच्या दोन कडांना बसून दोन म्हाताऱ्या भांडत होत्या. भांडत होत्या म्हणजे गप्पा मारत होत्या. सोगोबांकडे दिलेली न्येले दियारा आणि तिची मैत्रीण सितान त्राओरे यांच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या करणं पन्नास वर्षांत कुणाला जमलेलं नव्हतं. न्येलेच्या दोन्ही सुनांनी तर तो नाद केव्हाच सोडून दिला होता.

"हे काय काढतेयस?" न्येलेने मान लांब करून मैत्रिणीच्या हाताखाली पाहिलं. "मगरीच्या बोटांची नक्षी काढायला सांगितली होती ना? ही बोटं आहेत की चवळीच्या शेंगा? जे खायचं तेच हातातून उतरतंय तुझ्या."

"चवळी तुम्ही दियारा खाता," सितान रंगाच्या पातळ चिखलात पाती बुडवत म्हणाली. "तुझ्या आजोबाला आमच्या आजोबाने चवळीच्या पोत्यातून बाहेर ओढलं होतं. आधी काय बाहेर आलं, माहितेय? तोंड. आणि तेही चावत असलेलं."

चुलीजवळ चहाची किटली सांभाळणारी धाकटी सून सानाता खुदकन हसली. ही गोष्ट तिने लग्न होऊन आल्यापासून शंभरदा ऐकली असेल. कधी आजोबा पोत्यातून निघे, कधी रांजणातून.

दियारा आणि त्राओरे ही थट्टेच्या नात्याची कुळं. एकाने दुसऱ्याला चोर म्हणावं, गुलाम म्हणावं, चवळीखाऊ तर येताजाता म्हणावं, आणि ऐकणाऱ्याने चकार शब्द न काढता सव्वापट परत करावं. रागावला तो हरला. न्येलेचा नवरा गेला त्या दिवशी घरभर रडारड चालू असताना हीच सितान मयताची वहाण उचलून दारात फतकल मारून बसली होती. 'एवढं देणंघेणं ठेवून हा माणूस निघाला कुठे? कोलाची फळं आणा, चार शिव्या खा आणि वहाण सोडवून न्या!' त्या दिवशी न्येले आडवी पडली होती ती उठून बसली. रडता रडता हसली, आणि त्यानंतरच तिच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरला. अशा वेळी थट्टेच्या नातलगाने वस्तू पळवावी आणि ज्याची वस्तू त्याने स्वतः येऊन ती सोडवावी, ही इथली रीतच. पण न्येले त्या दिवसाचं विसरली नव्हती. तसं बोलून मात्र कधीच दाखवलं नव्हतं.

"आई, पूर्वेकडे बघा," थोरली सून तेनिन म्हणाली. ती दुसऱ्या कापडावरचा वाळलेला चिखल खरवडत होती. "रंग बदललाय."

पूर्वेला आभाळाच्या बुडाशी तांबूस पट्टा उठला होता. वारा पार पडलेला. बकऱ्या कुणी न हाकता भिंतीच्या आडोशाला येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तीन पेले चहा होईपर्यंत येत नाही ते," न्येलेने निकाल दिला. "तेवढ्यात ही कड पुरी होते. ही बाई शेंगा काढायची थांबली तर."

सानाताने हात उंच करून पहिला पेला ओतला. पहिला चहा कडू. सितानने पेल्यासाठी हात पुढे केला, तो पेल्याच्या वीतभर अलीकडे थांबला. सानाताने पेला तिच्या बोटांत नेऊन ठेवला.

"बघा, राणीसाहेबांना हातात लागतं," न्येले म्हणाली.

"गुलामांच्या घरी आल्यावर दुसरं काय करायचं?" सितानने एक घोट घेतला. मग पेला गुडघ्यावर टेकवून ती म्हणाली, "न्येले, मी आज जातेय."

"कुठे?"

"बामाकोला. माझ्या झुमानाकडे. कायमची."

"बरं झालं. गावातली चवळी जरा स्वस्त होईल," न्येले म्हणाली. "मागच्या पेरणीला तू सेगूला कायमची गेली होतीस. त्याआधी माझं तोंड बघायचं नाही म्हणून मक्केला निघाली होतीस. मक्केहून त्याच दिवशी चारच्या सुमारास परत आलीस, मीठ मागायला."

सानाता पुन्हा हसली. तेनिन हसली नाही. ती खाली मान घालून खरवडत राहिली, जिथलं सगळं निघालं होतं तिथेच. न्येलेच्या ते नजरेत आलं, पण तिने त्याचा भलताच अर्थ लावला. तेनिनचं आणि तिचं सकाळीच वाजलं होतं. मुसोकोरोच्या खोलीवरून.

मुसोकोरो न्येलेची थोरली सवत. ती जाऊन चार वर्षं झाली तरी तिच्या खोलीला कुलूप होतं, कारण तेनिनला ती आपल्या थोरल्या मुलाच्या संसारासाठी हवी होती, सानाताला शिवणयंत्रासाठी, आणि दोघींत तिसरं काही ठरेना. किल्ली न्येलेच्या कमरेला. एकीला दिली तर दुसरी रुसते, म्हणून न्येलेने ती कुणालाच दिली नव्हती आणि वर याला न्याय म्हणत होती.

"कानीला म्हणे हे कापड नकोच आहे," सितानने विषय बदलला. "शहरातलं जाळीचं हवंय."

"तिला जाळीचं काय, मच्छरदाणी नेसू दे," न्येले म्हणाली. "पण वरातीला हे अंगावर घ्यावंच लागेल. तुझ्या घागरीतला काळा रंग सबंध जोलीबा नदीच्या काठावर कुणाकडे नाही. हे तुझं कौतुक नाही हं. घागरीचं आहे."

घागर खरंच तशी होती. सितानच्या आईची. दरवर्षी नदी आटली की तळातला काळा चिखल काढून जुन्यावर नवा घालायचा, पाणी घालून तो मुरू द्यायचा, पण घागर कधी रिकामी करायची नाही. म्हणजे तिच्या बुडाशी साठ वर्षांपूर्वीची नदी होती. आज सितानने त्यातला वाडगाभर चिखल आणला होता. एरवी ती सबंध घागर ढकलगाडीवर घालून आणायची आणि वाटेत चौघांना कामाला लावायची.

"घागर का नाही आणलीस?" न्येलेने विचारलं.

"गाडीत चढवलीये. झुमानाने."

"हो का? मग गाडीला बजाव, सांडू नकोस म्हणून."

सानाताने किटलीत पुन्हा साखर घातली. गप्पा गिरणीवर गेल्या. गिरणीवाल्या न्चीने तिसरं लग्न केलं आणि त्याच दिवशी गिरणीचा पट्टा तुटला, तेव्हापासून अर्धं गाव मुसळाने बाजरी कांडतंय आणि कांडता कांडता नव्या नवरीचा उद्धार करतंय. मग मशिदीच्या भोंग्यावर गेल्या. त्यात मध्येच रेडिओवरची गाणी शिरतात आणि म्हातारा इमाम भोंग्यालाच दम देतो. सितानने इमामाची नक्कल केली. न्येलेला हसता हसता ठसका लागला. सितानने तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, आणि तो पडला खांद्यावर.

"पाठ इथे आहे माझी," न्येले डोळे पुसत म्हणाली.

"दियारांना पाठ असते होय? मला वाटलं नुसतं तोंडच असतं."

दुसरा पेला आला. पूर्वेचा पट्टा आता पट्टा राहिला नव्हता, आभाळ अर्ध्यापर्यंत लालभडक झालं होतं. त्याच्या पुढ्यात घारी फाटक्या कागदासारख्या भिरभिरत होत्या.

"मावशी," तेनिन एकदम सितानला म्हणाली, "नीट सांगा ना त्यांना. अशाने त्यांना खरं कसं वाटेल?"

"काय सांगायचंय नीट?" न्येले सुनेकडे वळली. "तू कधीपासून त्राओरेंच्या बाजूला गेलीस? खोली मिळत नाही म्हणून पक्ष बदललास?"

"आई, प्रत्येक गोष्टीत खोली कशाला आणता?"

"मी आणत नाही. ती जागेवरच आहे. कुलूप लावून."

सितानने पाती खाली ठेवली. "न्येले, पोरीला बोलू नकोस. मीच तिला सांगितलं होतं, तुझ्या कानावर घाल म्हणून. ती तुला घाबरते. मी कुणाला घाबरत नाही, पण गेला आठवडाभर मी रोज इथे येते आणि तू मला हसवून परत पाठवतेस."

"तू हसतेस त्याला मी काय करू?"

"तेच म्हणतेय मी."

न्येले तोंड उघडून बसली. पुढचं वाक्य तयार होतं, चांगलं झणझणीत होतं, पण ते बाहेर पडायच्या आत फाटकाशी भोंगा वाजला. सितानचा मुलगा झुमाना डोळ्यांवर हात धरून आत आला. मागे धुळीने माखलेली गाडी उभी होती.

"मावशी, कशी आहेस?" त्याने न्येलेला वाकून सलाम केला आणि आईकडे वळला. "आई, झालं सांगून? आत्ता निघालो तर निघालो. ओढ्याला पाणी चढलं की पलीकडचा रस्ता आठ दिवस गेला."

तेवढ्यात वारा आला. आला म्हणजे अंगावर कोसळलाच. धुळीची लाल भिंत बालांझानच्या झाडांवरून आत घुसली, कुणाच्या तरी छपराचा पत्रा खडखडत गेला, आणि कापडाच्या कोपऱ्यांवरचे दगड जागचे हलले.

"कापड!" न्येले ओरडली. "सानाता, ते टोक धर! तेनिन, चुलीवर पाणी ओत! सितान, तुझ्या पायाशी आहे तो कोपरा, उचल!"

सितान उठली. वाकली. कोपरा तिच्या डाव्या पायापासून हातभरावर फडफडत होता आणि ती उजवीकडे जमीन चाचपत होती. दोन्ही हातांनी, पीठ सांडल्यावर गोळा करावं तसं. तिचा पाय वाडग्यावर पडला. चिखल सांडला. तोच पाय तिने पुढे टाकला तो थेट कापडावर. आपण कापडावर उभ्या आहोत हे तिला कळलंच नाही. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "कुठे आहे गं?"

चवळीच्या शेंगांसारखी बोटं, वीतभर अलीकडे थांबलेला हात, पाठीऐवजी खांद्यावर पडलेली थाप, सबंध उन्हाळाभर वाकड्या गेलेल्या रेघा आणि त्या प्रत्येक रेघेवर आपण केलेला एकेक विनोद, सगळं एकदम न्येलेच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. तिने पुढे होऊन सितानचा दंड धरला. कापड सुनांनी ओढलं. पाचही जण न्येलेच्या खोलीत शिरले आणि झुमानाने दार पाठीने दाबून धरलं.

आत काळोख आणि धूळ. वर पत्र्यावर आधी वाळूचा मारा झाला, मग थेंबांचा. बोलायला ओरडावं लागत होतं.

"केव्हापासून?" न्येलेने विचारलं.

"डावा डोळा मागच्या कापणीपासून," झुमानाने सांगितलं. "उजव्यावरही पडदा आलाय. पंधरा दिवसांपूर्वी तिने चुलीत हात घातला. मला शेजाऱ्याचा फोन आला. बामाकोला डॉक्टर म्हणतो, शस्त्रक्रिया करून बघू. पण घराची मागची भिंत गेल्या पावसात पडलीये. ती आता तिथे एकटी राहू शकत नाही, मावशी. मी तिला घेऊन जाऊ नको तर काय करू?"

न्येलेला त्याचा राग यायला हवा होता. पण पोराचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. तिने पदर सारखा केला, घसा खाकरला, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदाच मैत्रिणीशी परक्यासारखी बोलली.

"सितानबाई, तुम्ही जायलाच हवं. आमच्याकडून कधी उणंअधिक बोललं गेलं असेल तर माफ करा. देव तुमचा प्रवास सुखाचा करो."

सितानचा चेहरा आवाजाच्या दिशेने वळला.

"मी मेलेय का?" ती म्हणाली. "न्येले, मी मेलेय का, असं बोलायला? डोळे गेले तेव्हा मी रडले नाही. हात भाजला तेव्हा रडले नाही. तुला आधी का नाही सांगितलं, माहितेय? तू हे असं बोलशील म्हणून. गावातला प्रत्येक जण उद्यापासून मला 'सांभाळून हं' म्हणेल. तू एक तरी होतीस तशीच राहशील, वाटलं होतं."

न्येलेला भडभडून आलं. तिने ते लपवलं नाही, लपवून उपयोगही नव्हता, तिचा आवाजच फुटला होता. "अगं, पण मी तुझ्या रेघांना हसत होते. सबंध उन्हाळा."

"मग? मी पण हसत होतेच की. रोज घरून निघताना ठरवायचे, आज वाकड्यात वाकडी काढू, बघू ती काय म्हणते."

तेनिन कोपऱ्यात मुसमुसत होती. सानाताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. चार वर्षांत या दोघींनी एकमेकींना हात लावलेला न्येलेने पाहिला नव्हता.

न्येले उठली. दार उघडायला निघाली तसा झुमाना म्हणाला, "मावशी, बाहेर आभाळ फाटलंय."

"बाजूला हो. गाडी उघडी आहे ना?"

"आहे, पण…"

न्येले पावसात गेली. दारातून दिसत होतं ते एवढंच, की एक म्हातारी गाडीच्या मागच्या दारात कमरेपर्यंत शिरली आहे आणि तिचे अनवाणी पाय चिखलात रुतताहेत. मग तिचा आवाज आला, "अगं उभ्या काय राहिलात? एका त्राओरेच्या चिखलाला इतकं वजन! या दोघी!"

दोन्ही सुना धावल्या. तेनिनने एक कान धरला, सानाताने दुसरा, न्येले मागून शिव्या देत पदर घागरीच्या तोंडावर धरून. अंगणातून ती वरात मुसोकोरोच्या खोलीशी थांबली. न्येलेने कमरेची किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं. तीनदा फिरवल्यावर उघडलं. घागर आत कोपऱ्यात बसली, दाराला पुन्हा कुलूप लागलं, आणि तिघी निथळत परत आल्या.

"घागर मी चोरली," न्येलेने जाहीर केलं.

झुमानाला हसावं की काय करावं कळेना. "मावशी, ती आईची आहे."

"म्हणूनच चोरली. दुसऱ्या कुणाचीही चोरायला मी काय त्राओरे आहे?" ती सितानसमोर बसली. "ऐक गं चवळीखाऊ. डोळे करून घे. मग ये. कोलाची फळं घेऊन ये, चांगली पांढरी, किडकी चालणार नाहीत. माझ्या चार शिव्या खा आणि घागर सोडवून घे. दुसरं कुणी आलं तर मी देणार नाही, तुझा हा गाडीवाला आला तरी. आणि सोडवल्यावर ती त्याच खोलीत ठेव. जड आहे. पुन्हा उचलायला आम्ही काही तुमचे गुलाम नाही."

सितानने हळूच विचारलं, "ती खोली तेनिनला हवीये ना?"

न्येलेने सुनेकडे पाहिलं. हे मात्र तिच्या हातात नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं. तेनिनने ओल्या बाहीने नाक पुसलं.

"माझ्या पोराचं लग्न ठरायला अजून मुलगी सापडायचीये," ती म्हणाली. "मावशी, तुम्ही राहा. सानाताचं यंत्र खिडकीशी मावेल. रात्री ती शिवायला बसली की तुम्ही तिला शिव्या द्यायच्या."

"मी रात्री शिवतच नाही," सानाता म्हणाली, आणि दोघी हसल्या.

झुमानाने डोक्यावरून हात फिरवला. थट्टेच्या नात्यात रागवायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर त्याला राग आलाही नव्हता. शहरातल्या दोन खोल्यांत आई दिवसभर कुणाशी भांडेल, हा प्रश्न त्यालाही पडलेलाच होता. "डॉक्टर दोन महिने म्हणालाय," तो म्हणाला. "मग मीच आणून सोडेन."

"आणि डोळे नाहीच आले तर?" सितानने विचारलं. हे तिने थट्टेत विचारलं नव्हतं.

न्येलेने तिचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला. "तरीही ये. मगर काढायला डोळे लागतात. मला शिव्या द्यायला तुला कधी लागले?"

सितान हसली. आधी थोडं, मग पोट धरून. सानाताने आठवणीने किटली आत आणली होती. तिसरा पेला कोमट झाला होता, पण गोड होता. तो पाचांनी वाटून घेतला.

पाऊस ओसरला तशी, ओढ्याला पाणी चढायच्या आत, गाडी निघाली. सितान पुढच्या सीटवर बसून शेवटपर्यंत ओरडत होती, की या घरात साठ वर्षांची नदी पळवणारे दरोडेखोर राहतात. न्येले फाटकाशी उभी राहून सव्वापट परत करत होती. गाडी वळणापलीकडे गेली तरी तिचं थांबेना.

ती परत आली तेव्हा सुनांनी लग्नाचं कापड खोलीत पसरलं होतं. पावसाचा थेंब लागला नव्हता. पण मगरीच्या बोटांच्या रांगेत, बरोबर मधोमध, एक पाऊल उमटलं होतं. काळं, पाचही बोटांचं.

"आई, चिखल अजून ओला आहे," तेनिन फडकं घेऊन वाकली. "आत्ता पुसलं तर निघेल. कानी काय म्हणेल?"

न्येलेने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"कानी काय म्हणायचं ते म्हणू दे. मुरू दे ते चांगलं," ती म्हणाली. "दोन महिन्यांनी तिला दाखवायचंय मला. म्हणेन, बघ, सबंध उन्हाळ्यात ही एकच मगर तुला सरळ काढता आली."